कॉफीवाल्या मुलीचं पुढे काय झालं

रायपूरच्या मराठी घरांमध्ये स्थळाला कोणी नाही म्हणत नाही. पत्रिका जुळत नाही, एवढंच म्हणतात. मुलगी बुटकी वाटली, मुलाची नोकरी कच्ची वाटली, मुलाच्या आईने चहाचा कप जरा आपटून ठेवला, कारण काहीही असो, निरोप हाच जातो. सांगणाऱ्याला खरं माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही कळतं, आणि पुढच्या गणपतीत दोन्ही घरं एकाच पंगतीत बसून मसालेभात खातात.

विनोदिनीबाईंनी हा निरोप जितक्या घरी पोचवला तितका गावात दुसऱ्या कोणी पोचवला नसेल. यजमान श्यामराव रेल्वेत होते तेव्हापासून त्या गावातल्या मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र सांभाळत होत्या. तेव्हा धमतरीची छोटी गाडी चालू होती. अभनपूर, कुरूदकडची स्थळं त्या गाडीने यायची आणि पोहे खाऊन त्याच गाडीने परत जायची. आता श्यामराव नाहीत, गाडी बंद झाली, रूळही उखडले. पण त्या गाडीतून उतरलेल्या कोणत्या मुलीच्या बापाने कोणत्या रंगाचा कोट घातला होता, हे विनोदिनीबाईंना अजून सांगता येई. पत्रिका त्या स्वतः जुळवत. त्यांनी जुळवलेली पत्रिका पुन्हा कोणाला दाखवायची गरज नाही, असं बूढापाऱ्यापासून भिलाईपर्यंत म्हणत. या म्हणण्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही. नात देवश्री तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करायची. दुपारी ती आजीच्या डोळ्यात थेंब टाकी, आणि आजी डोळे मिटून पडल्या की शेजारी बसून मोबाईलवर काहीतरी वाचत राही. मध्येच उसासा टाकी, मध्येच स्वतःशी हसे.

"काय वाचून राहिली व? मलेही सांग."

"तुले नाही आवडणार, आजी. कोरियाचं कॉमिक आहे."

"सांग तर खरी. नाही आवडलं तर झोपते मी."

देवश्रीने सांगायला सुरुवात केली. कॉलेजातली दोन मुलं. एक मोठ्या घरचा, कोणाशी न बोलणारा. दुसरा गरीब, सगळ्यांशी गोड. पहिला दुसऱ्याला ताप आला म्हणून त्याच्या दाराशी गुपचूप औषध ठेवून जातो, आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. दुसरा रडतो. पहिला जिन्याखाली उभा राहून ते रडणं ऐकतो, पण वर जात नाही.

"यांच्यात पोरगी कोणती?"

"पोरगी नाही. लव्ह स्टोरी या दोघांचीच आहे. दोघंही पोट्टेच."

विनोदिनीबाई मिटल्या डोळ्यांनीच तिच्या बाजूला वळल्या. मग म्हणाल्या, "मग मुलीकडची बाजू कोणाची धरायची?"

देवश्री हसून हसून पलंगावरून खाली घसरली. स्वयंपाकघरातून तिची आई क्षमा ओरडली, "अगं, डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं, हसवू नको!"

पण आजी हसवायला बोलल्या नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी दोन बाजू मांडूनच माणसं पाहिली होती. बाकी त्यांना ऐकून घ्यायची सवय मोठी होती. वधू-वर केंद्रात बसणाऱ्या बाईने कानांवर हात ठेवून चालत नाही. "बरं, मग पुढे?" त्या म्हणाल्या, आणि तिथून रोज दुपारी थेंबांबरोबर एक भाग सुरू झाला.

कोरियन नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. त्यांनी एकाचं नाव घुम्या ठेवलं, दुसऱ्याचं हसरा. डोळा बरा झाल्यावर देवश्रीच्या टॅबवर त्या स्वतः चित्रं पाहू लागल्या. मजकूर इंग्रजीत असे, तो देवश्री अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत सांगे. चित्रात घुम्याच्या मनातलं आलं की चौकट काळी होई आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटत. विनोदिनीबाईंना हे फार आवडलं.

"हे बरं आहे. माणसाच्या मनातलं पाटीवर लिहून येते. आमच्या वेळी असं असतं तर अर्धी लग्नं झाली नसती."

"आणि अर्धी टिकली असती," देवश्री म्हणाली.

"तेही खरं."

देवश्री घुम्याच्या बाजूची होती. "बाहेरून दगड, पण आत किती आहे बघ ना आजी! असा एक तरी मुलगा तू माझ्यासाठी आणून दाखव. सगळे आपल्या पॅकेजबद्दल बोलतात."

"घुम्याले प्रेम आहे, पण ते त्याले पेलत नाही," आजी भाजी निवडता निवडता म्हणत. "भल्या माणसाले पेललं नाही म्हणजे तो जवळच्यालेच मारते. हसरा त्याले माफ करते हे मले नाही पटत. मी असते तर दार लावून घेतलं असतं."

"तू नसतं लावलं."

"नसतं लावलं," आजी कबूल करत.

एका भागात घुम्याच्या घरचे त्याला मुलगी पाहायला पाठवतात. काचेच्या मोठ्या हॉटेलात ती बसलेली असते. कानात मोती, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरलेला. घुम्या तिच्यासमोर बसतो, दोन वाक्यं बोलतो, आणि मध्येच उठून हसऱ्याकडे धावत सुटतो. पुढची सगळी चित्रं त्या धावण्याची होती. खाली जगभरच्या मुलींनी शेरे लिहिले होते, टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या कॉफीवालीला शिव्याही दिल्या होत्या. देवश्रीनेही लिहिलं होतं, चल हट बीच में से.

"त्या पोरीचं पुढे काय झालं?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"कोणत्या?"

"जिले पाहायला गेला होता. ती तिथंच बसून राहिली?"

"ती साईड कॅरेक्टर आहे आजी. ती परत येत नाही."

"पण घरी तर गेली असेल ना. घरी काय सांगितलं असेल तिनं?"

देवश्रीने कपाळावर हात मारला. त्यानंतर दर दोन-तीन भागांनी आजी तेच विचारत. देवश्री तेच उत्तर देई.

माघात देवश्रीसाठी पियुषचं स्थळ आलं. गावाबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर, दिसायला नीटनेटका, बोलायला कमी. त्याची आई मीरा मंडळातली जुनी ओळखीची. पत्रिका विनोदिनीबाईंनीच जुळवली, आणि इतकी सुंदर जुळली की त्यांनी क्षमाला हाक मारून दाखवली. "गेल्या कित्येक वर्षांत अशी नाही पाहिली," त्या म्हणाल्या. हे वाक्य मीरापर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नाही.

रविवारी मायलेक आले. गाडी चालवायला पियुषचा मित्र होता, यशदीप नावाचा. तो वर आला नाही, गल्लीत स्कूटरवाल्यांना वाट करून देत गाडीपाशीच थांबला.

"अहो, त्यालेही बोलवा ना वर," क्षमा म्हणाली.

"तो नाही यायचा. लाजाळू आहे," मीरा म्हणाली. "पण घरचाच आहे हो. दोघं उरल्याले एकाच क्वार्टरात राह्यते कॉलेज सुटल्यापासून. म्हणूनच म्हणते, आता लग्न झालं म्हणजे याचं धड खाणं-पिणं होईल."

पियुष खुर्चीच्या टोकावर बसला होता. विचारलं तेवढं सांगत होता. देवश्रीकडे त्याने एकदा नीट पाहिलं, ओळखीचं हसला, आणि नजर खाली केली. वाईट काहीच नव्हतं त्यात. दोघं गच्चीवर बोलून आले. तोवर क्षमाने एक बशी भरून त्याच्या हाती दिली. "घ्या, मित्राले नेऊन द्या खाली. उपाशी काहून ठेवता?"

पियुषने बशी घेतली. जिन्याकडे वळता वळता तो थांबला, आणि पोह्यांतले शेंगदाणे बोटांनी एकेक वेचून आपल्या रिकाम्या बशीत टाकू लागला. सगळे पाहत होते, त्याला भान नव्हतं. कुठे एखादा दाणा कांद्याखाली लपला होता, तोही त्याने बशी कलती करून शोधून काढला.

"त्याला दाणे चालत नाहीत," मग तो ओशाळून म्हणाला. "अंगावर पित्त उठतं."

"बघा, असं आहे याचं!" मीरा कौतुकाने म्हणाली. "बायकोले तर फुलासारखी ठेवंल."

देवश्रीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते विनोदिनीबाईंनी पाहिलं. मग त्या सहज उठल्यासारखं करून खिडकीशी गेल्या. खाली यशदीप गाडीला टेकून पोहे खात होता. पियुष शेजारी उभा होता. दोघं बोलत नव्हते. पण सकाळपासून आवळून बांधल्यासारखा दिसणारा पियुषचा चेहरा आता सुटला होता. खाता खाता यशदीपने चमचाभर पोहे पुढे केले, पियुषने मान हलवली, यशदीपने चमचा तसाच धरून ठेवला, आणि शेवटी पियुषने तो घास घेतला. तेवढंच. पण विनोदिनीबाईंनी हजारावर मुलं पाहिली होती, आणि त्या घासापाशी त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं.

पाहुणे गेल्यावर देवश्री त्यांच्या गळ्यात पडली. "आजी, हा तर बिलकुल घुम्या आहे! तू आणलास माझ्यासाठी! दाणे पाहिले ना त्याचे?"

"पाहिले," आजी म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांना शांताबाई आठवल्या. रेल्वे कॉलनीत शेजारच्या क्वार्टरात राहायच्या. नवरा देखणा, निर्व्यसनी, पगार हातात आणून देणारा. चाळीस वर्षं त्या घरात तो पाहुण्यासारखा राहिला. पाहुण्याने जसं पाणी मागावं तसं पाणी मागायचा. त्याचा एक मित्र होता बिलासपूरला, त्याचं पत्र आलं की त्या दिवशी तो अंगणातल्या झाडांना पाणी घालायचा, गुणगुणायचा. एकदा पापड लाटताना शांताबाई म्हणाल्या होत्या, "विनोदिनी, माझ्या नवऱ्यात खोट नाही. फक्त तो माझा नाही." तेव्हा विनोदिनीबाईंना वाटलं, बाई उगाच कुढते. ते वाक्य इतकी वर्षं कुठे पडून होतं कोण जाणे. आज ते नीट कळलं, आणि तेही कोरियाच्या दोन पोट्ट्यांमुळे.

पण एका घासावरून आणि दाण्यांवरून एखाद्याचा निवाडा करायचा नसतो, हेही त्यांना ठाऊक होतं. मीराचा रोज फोन येत होता. क्षमा साखरपुड्याचा हॉल पाहू लागली होती. विनोदिनीबाईंनी निरोप धाडला की पियुषच्या जन्मवेळेबद्दल काही विचारायचं आहे, त्यालाच पाठवा.

तो ड्युटीवरून परस्पर आला, बुटांवर उरल्याची काळी धूळ घेऊन. घरी दुसरं कोणी नव्हतं. विनोदिनीबाईंनी त्याला पाणी दिलं, आणि जन्मवेळ विचारलीच नाही.

"पियुष, तुले हे लग्न करायचं आहे?"

"आईले करायचं आहे, आजी."

"मी तुले विचारलं."

त्याने हातातला पेला खाली ठेवला. "देवश्री खूप चांगली आहे. तिच्यात काही खोट नाही."

विनोदिनीबाईंनी डोळे मिटले. शब्दसुद्धा तेच.

"खोट कोणातच नसते, बाळा."

"तुम्ही सांगून टाका ना," तो एकदम म्हणाला. आवाज हलका झाला होता. "पत्रिका जुळत नाही म्हणून. मी नाही म्हटलं की आई विचारते, काहून. दरवेळी काहून. काय सांगू तिले?"

"पत्रिका तर मीच जुळवली. गावभर सांगून बसले."

"हव," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले.

"दुसरं मी काही विचारत नाही. तू काही सांगितलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. जा, पोळीभाजी खाऊन जा." मग त्यांनी डबा भरला, थोडा मोठाच भरला. "भाजीत शेंगदाण्याचं कूट नाही," त्या म्हणाल्या. पियुषने वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

आता उरली देवश्री. तिला सांगावं तर दुसऱ्याच्या मुलाचं गुपित उघडं होतं, न सांगावं तर आपलीच पोर चाळीस वर्षं शांताबाई होऊन राहते. विनोदिनीबाई दोन दिवस देवासमोर जास्त वेळ बसल्या, पण देवाने काही सुचवलं नाही. शनिवारी दुपारी देवश्री टॅब घेऊन आली.

"आज नवीन नको," आजी म्हणाल्या. "तो हॉटेलवाला भाग काढ. कॉफीवाली पोरगी."

"फिर वही! आजी, तू पण ना."

पण तिने काढला. विनोदिनीबाईंनी चष्मा पुसला आणि ते चित्र बोटाने मोठं केलं. कानातले मोती. कपाभोवती दोन्ही हात. ओठांवर हसू यायच्या बेतात.

"हिच्या मनातलं काळ्या पाटीवर काहून नाही लिहिलं?"

"कारण ही तिची गोष्ट नाही आहे ना."

"तिच्या घरी तर तिचीच असंल."

देवश्रीने वाकून चित्र जवळून पाहिलं.

"छान तयार होऊन आली पोरगी," आजी स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. "तिलेही वाटलं असंल, कमी बोलते, पण आत किती आहे. होतंच ना आत. खोटं कुठं होतं? फक्त ज्याच्यासाठी होतं तो खाली उभा होता."

त्यांचं बोट चित्रावर तसंच राहिलं. घुम्या कसा आत जळतो, हे देवश्रीला तोंडपाठ होतं. कोणासाठी जळतो, हेही. सगळं जाणून ती त्या मुलीच्या खुर्चीत जाऊन बसली होती. बाहेर बूढातलावाच्या बाजूने कोणाची तरी स्कूटर फुरफुरत गेली. देवश्रीने टॅब हळूच उलटा ठेवला.

"आजी, ते दाणे..." ती म्हणाली, आणि थांबली. मग विचारलं, "त्याने तुला काही सांगितलं?"

"काही नाही सांगितलं." हे अगदी खरं होतं.

देवश्री उठून गच्चीवर गेली. बराच वेळ आली नाही. विनोदिनीबाईंना वर जावंसं वाटत होतं, पण गुडघे आणि शहाणपण दोन्ही नको म्हणत होते. ती खाली आली तेव्हा वाळलेले सगळे कपडे घेऊन आली, आणि ते घड्या करत बसली. नाक लाल होतं. श्यामरावांची जुनी शाल तिने तीनदा घडी केली.

"मी किती शिव्या दिल्या त्या पोट्टीला," ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मीराचा फोन आला. क्षमा हात पुसत पुढे झाली, पण देवश्रीने उचलला. "काकू, नमस्ते. काकू, नाही होणार. पत्रिका जुळत नाही."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अशी कशी जुळत नाही? तुह्या आजीनंच तर म्हटलं, कित्येक वर्षांत अशी पाहिली नाही! काय झालं, खरं सांग. पियुषनं काही केलं का? तो काही बोलला का?"

देवश्रीने आजीकडे पाहिलं. विनोदिनीबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"मीरा, मी बोलते. चूक माझी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बारीक अक्षर नीट दिसत नाही, आणि मी कोणाले सांगितलं नाही. नाडीचा दोष आहे, मोठा दोष आहे. मी चुकीचं वाचलं. पोरांचा काही दोष नाही."

क्षमा तोंडावर हात ठेवून उभी होती. फोनमधून मीरा म्हणाली, "अरे देवा. काकू, तुम्ही?"

"वय झालं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता माझ्यावर नका विसंबू."

त्यांचा डोळा उत्तम होता. सुईत दोरा त्या पहिल्या फटक्यात ओवत.

पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्या टेबलासमोर नेहमीची गर्दी नव्हती. लोक नमस्कार करत, तब्येत विचारत, आणि पत्रिका घेऊन केंद्रातल्याच गुलाबरावांच्या टेबलाकडे जात. गुलाबराव पत्रिका हातभर लांब धरून वाचत होते. विनोदिनीबाईंनी ते पाहिलं, आणि पाण्याची बाटली उघडून त्या घोटभर पाणी प्यायल्या.

त्याच आठवड्यात पियुष आपली पत्रिका परत न्यायला आला. "आईने गुलाबरावांकडे द्यायला सांगितली होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, आता कोणाकडेच नाही द्यायची. मले नाही करायचं लग्न. काहून ते नाही सांगितलं. अजून नाही सांगता आलं. दोन दिवस घरीच राहिलो, बोलली नाही ती माझ्याशी. आज सकाळी निघताना टिफिन मात्र भरला."

"टिफिन भरला म्हणजे होईल," विनोदिनीबाई म्हणाल्या. पण किती होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

देवश्री आतून आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग देवश्री खिडकीतून वाकून खाली ओरडली, "यशदीप भैया, ऊपर आइए ना! कितने दिन नीचे खड़े रहेंगे?" आणि आईला म्हणाली, "आई, दाणे घालू नको आज पोह्यांत."

"बिना दाण्याचे कसले पोहे?" क्षमा कुरकुरली. पण घातले नाहीत.

त्या दिवशी ते दोघं गेल्यावर देवश्रीने टॅब काढला. नवीन भाग आला होता, पण तिने आधी तो जुना भाग उघडला, आपला जुना शेरा काढून टाकला, आणि तिथे इंग्रजीत दुसरं वाक्य लिहिलं: त्या कॉफीवाल्या मुलीचं पुढे काय झालं, कोणाला माहीत आहे का?

चहाच्या वेळेपर्यंत खाली उत्तरं येऊ लागली. कुठकुठल्या देशांतल्या मुली होत्या कोण जाणे. एकीने लिहिलं, मलाही हेच विचारायचं होतं. एकीने लिहिलं, तिने ती कॉफी शांतपणे संपवली आणि स्वतःसाठी केक मागवला. आणखी एकीने तर तिला समुद्रकाठच्या गावी पाठवून तिथे पुस्तकांचं दुकान उघडून दिलं होतं. देवश्री वाचून दाखवत होती, विनोदिनीबाई बशीत चहा ओतून ऐकत होत्या.

"दुकान चाललं का तिचं?"

"हव. खूप चाललं, असं लिहिलंय."

"आणि लग्न?"

"आजी!"

"आपलं विचारलं," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि बशी तोंडाला लावली.